सुटं की बोर्डातलं?

(दृश्य: राजारामपुरीतली गल्ली, सकाळ. शटर वर जातं. टेबलावरचा दिवा लागतो.)

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या गल्ल्या नंबरानं ओळखल्या जातात. या दुकानाचा पत्ताही लोक तसाच सांगतात, अमुक नंबरची गल्ली, पिठाच्या गिरणीला लागून. बाहेर पाटी मोबाईल दुरुस्तीची आहे. आज टेबलावर मात्र मोबाईल एकच. बाकी सगळे हातात धरून खेळायचे कन्सोल. एकाची बॅटरी फुगलीय, एकाचा पंखा कुरकुरतोय, तिसऱ्याची अंगठ्यानं फिरवायची स्टिक कुणी हात न लावता डावीकडे ओढतेय.

टेबलामागे बसलेल्यांना सगळी गल्ली मेस्त्री म्हणते. वडील शिवाजी उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, फिटर होते. मेस्त्रींनी सुरुवात टेपरेकॉर्डरपासून केली, मग रंगीत टीव्ही, मग मोबाईल, आणि आता हे.

(दृश्य: स्टुलावर बसलेला मुलगा. मांडीवर सॅक.)

हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. २०२१ पासून पैसे साठवतोय आणि तेव्हापासूनच थांबलाय. निन्टेन्डो कंपनीचा स्विच हा कन्सोल घ्यायचं ठरवलं, तेवढ्यात ऑक्टोबर २०२१ मध्ये ओएलईडी, म्हणजे स्वतः उजळणाऱ्या ठिपक्यांच्या, पडद्याचा स्विच आला. तो घ्यावा म्हटलं, तर मित्र म्हणाले, आता पुढचा येईलच की. पुढचा आला तो ५ जून २०२५ ला. स्विच टू. ७.९ इंचांचा पडदा, पण साधा एलसीडी. मग यानंच ठरवलं, सुधारून काढतील तेव्हा ओएलईडी देतील, कशाला घाई करा. या सगळ्या काळात मावसभावाचा २०१७ चा स्विच त्याच्या कपाटात पडून होता. स्टिक बिघडलेली. आज तो सॅकमधून आणलाय.

“मामा, नवीन घेऊ का अजून थांबू?”

मेस्त्री काहीच बोलत नाहीत. पेचकस उचलतात.

(दृश्य: हातांचा क्लोज-अप. दिव्याचा पिवळा गोल.)

जॉय-कॉन म्हणजे स्विचच्या बाजूला लागणारा, बटणं आणि स्टिक असलेला तुकडा. त्याच्या पाठीला चार स्क्रू. डोक्यावर वाय अक्षरासारखी तीन पात्यांची खाच, त्यामुळे घरातला पेचकस इथे चालत नाही. निघालेला प्रत्येक स्क्रू मेस्त्री चुंबकी पट्टीवर त्याच जागेच्या हिशेबानं ठेवतात, वरचा वर, खालचा खाली. मग नखाएवढी प्लास्टिकची पट्टी फटीत घालून कड सोडवायची. झाकण ओढायचं नाही, पुस्तकाचं पान उलटावं तसं बाजूला करायचं, कारण दोन्ही बाजूंना जोडणारी चपटी रिबन आतून ताणलेली असते. पहिल्यांदा उघडणारे नेमके तिथेच फसतात.

बॅटरी निघते. ५२५ मिलिअँपिअर-तासांची, आकारानं काडेपेटीच्या जवळपास. तिच्याखालची चौकट सोडवली की स्टिक दिसते. दोन स्क्रू आणि एक रिबन, एवढ्यावरच ती बसवलेली आहे. रिबन जिथे शिरते तिथे तांदळाच्या दाण्याएवढी खिट्टी आहे, ती चिमट्याच्या टोकानं उचलायची. इथे मेस्त्री श्वास रोखतात. आमच्या कॅमेरामननंही रोखला होता, चित्र जरा हललंय ते त्यानंतर.

(दृश्य: भिंगातून. स्टिकचं पत्र्याचं घर उघडलेलं.)

आता नीट बघा. आत काळे पट्टे आहेत, कार्बनचे. स्टिक हलली की धातूची बारीक नखं या पट्ट्यांवरून सरकतात आणि स्टिक कुठे आहे ते यंत्राला कळतं. नख रोज घासतं. पट्टा झिजतो. भिंगाखाली तो चकचकीत ओरखडा दिसतोय ना, तिथे काळा थर उडालाय. यंत्राला वाटतं अंगठा डावीकडे आहे, प्रत्यक्षात अंगठा स्टिकवर नसतोच. पडद्यावरचा गडी आपला चालत सुटतो. जगभर याला ड्रिफ्ट म्हणतात.

मेस्त्री डोक्यावरचं भिंग वर करतात. “हे सुटं हाय,” ते म्हणतात. “सुट्या मालासाठी कंपनीची वाट कशाला बघतोस? बोर्डातलं असंल तर गोष्ट येगळी.”

सुटं म्हणजे काढून बदलता येणारं, बोर्डातलं म्हणजे सर्किट बोर्डावर पक्कं बसलेलं. हा उद्यमनगरचा हिशेब आहे. ऑइल इंजिनाचा जो भाग बदलता येतो तो सुटा, त्यासाठी इंजिन टाकून देत नाहीत. मेस्त्रींनी वडिलांकडून एवढंच उचललं आणि ते इथे लावलं. सुधारित आवृत्तीची वाट बघणाऱ्या प्रत्येकानं स्वतःला आधी हेच विचारावं, असं आम्हाला तीन दिवस या दुकानात बसल्यावर मनापासून वाटायला लागलं.

कारण स्टिकसाठी जे थांबले त्यांच्या हाती काय आलं ते बघा. २०१७ चा स्विच, मग २०१९ चा सुधारित, मग २०२१ चा ओएलईडी. स्टिकचा मूळ प्रकार तोच राहिला, घासणारा. चुंबकावर चालणारी, काहीच न घासणारी स्टिक असते, तिला हॉल इफेक्ट म्हणतात. लोकांना वाटलं, स्विच टूमध्ये नक्की तीच देणार. कंपनीनं विक्रीच्या आधीच सांगून टाकलं की ती नाही. स्विच टूचे जॉय-कॉन यंत्राला चुंबकानं चिकटतात, आतली स्टिक मात्र अजून घासणारीच. आठ वर्षं थांबून जे मिळालं नाही, ते मेस्त्री त्याच संध्याकाळी बसवून देतात. चुंबकाची स्टिक त्यांच्याकडे पाकिटात तयार असते. घरातल्यांनी एकदा बाहेर मटण थाळी खावी, एवढा खर्च.

(दृश्य: दोन स्विच शेजारी शेजारी, एकच खेळ चालू. घड्याळासकट वेगवान चित्रण.)

हे दोन स्विच बघताना फरक दिसत नाही. उजवीकडचा २०१७ चा, डावीकडचा २०१९ नंतरचा. दोघांत बॅटरी तेवढीच, ४३१० मिलिअँपिअर-तास. तरी कंपनीचा आकडा जुन्याला अडीच ते साडेसहा तास, नव्याला साडेचार ते नऊ. सकाळी दोन्ही पूर्ण भरून लावले, चहा झाला, जेवण झालं. बघा, उजवीकडचा मिटला. डावीकडचा चालूच आहे.

फरक आहे चिपमध्ये. तेच डिझाइन, पण आधी २० नॅनोमीटरवर घडवलेलं, नंतर १६ वर. बारीक घडणीची चिप वीज कमी पिते. हे बोर्डातलं. मेस्त्री जुन्यात नवी बॅटरी टाकतील, पण ती फारतर साडेसहा तासांपर्यंत नेईल, नऊपर्यंत कधीच नाही. म्हणून २०१९ च्या उन्हाळ्यात जो थांबला, तो शहाणा ठरला. सेकंडहँड घ्यायला येणाऱ्यांना मेस्त्री आधी यंत्र उलटं करायला लावतात. पाठीवर मॉडेलचा नंबर असतो, त्याच्या शेवटी कंसात उणे शून्य-एक असेल तर तो नवा. दोन सेकंदांचं काम आहे, पण न बघता घेणारे आजही भेटतात.

(दृश्य: टेबलाखालचा खण. फडक्यावर एकेक जुनं यंत्र मांडलं जातं.)

हा खण मेस्त्री सहसा उघडत नाहीत.

पहिला निन्टेन्डोचाच गेमबॉय ॲडव्हान्स, २००१ चा. पडद्याला आतून उजेडच नाही. मेस्त्री तो खिडकीकडे धरतात, तिरका करतात, अजून तिरका, आणि मग कुठे चित्र उमटतं. त्या काळी तो असाच खेळायचे, दिव्याखाली मान वाकडी करून. २००३ मध्ये घडी घालता येणारा एसपी आला, समोरून उजेड पडणारा. २००५ मध्ये त्याच एसपीत मागून उजेड असलेला पडदा आला. फडक्यावर तिन्ही एका ओळीत आहेत. शेवटचा बघा, कसा लखलखतोय.

पण याच एसपीला हेडफोनचं साधं भोक नाही. वेगळी जोडणी विकत घ्यायची. आणि २००५ चा गेमबॉय मायक्रो, हा सगळ्यात छोटा, जुन्या गेमबॉयच्या खेळांच्या काडतुसांना ओळखतच नाही.

आता सोनी कंपनीचा पीएसपी. दोन्ही तळहातांवर धरले की कॅमेऱ्यालाही वजन कळतं. डावा २००४ चा, २८० ग्रॅम. उजवा २००७ चा, १८९ ग्रॅम, आणि मेमरी दुप्पट, ३२ ऐवजी ६४ एमबी. थांबणाऱ्याला घसघशीत फळ मिळालं. मग २००८ चा आला, रंग जास्त खुलले, पण वेगानं हलणाऱ्या चित्रात आडव्या रेषा दिसायला लागल्या. २००९ च्या पीएसपी गोमध्ये तर डिस्कची जागाच काढून टाकली. ज्यांनी डिस्का जमवल्या होत्या त्यांनी त्या काय करायच्या?

शेवटचा सोनीचाच व्हिटा. २०११ चा पहिला ओएलईडी पडद्याचा, काळा रंग खरोखर काळा दिसणारा. २०१३ चा सुधारित हलका झाला, बॅटरी जास्त चालायला लागली, चार्जिंगची केबल साधी झाली, आणि पडदा एलसीडी झाला. कंपनी जे सुधारते ते तिच्या हिशेबानं सुधारते. आपल्याला जे हवं तेच नेमकं जाऊही शकतं.

किमतीचंही तसंच. निन्टेन्डो थ्रीडीएस मार्च २०११ मध्ये अमेरिकेत २४९.९९ डॉलरला आला आणि ऑगस्टमध्ये १६९.९९ वर उतरला. पाच महिने कळ काढली त्याचे ८० डॉलर वाचले. ही आठवण मनात धरून लोक थांबतात. पण ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच देशात ओएलईडी स्विच ३४९.९९ वरून ३९९.९९ ला गेला, बाजारात चार वर्षं होत आल्यावर. थांबलं की स्वस्त होतं, हा नियम आता राहिलेला नाही.

(दृश्य: स्टीम डेक उलटा ठेवलेला.)

स्टीम डेक, हाही हातात धरून खेळायचा कन्सोल, व्हॉल्व्ह कंपनीचा. आठ स्क्रू, चार लांब, चार आखूड. त्याआधी मेमरी कार्ड काढायचं. कार्ड आत ठेवून घर उघडलं की ते मधोमध मोडतं, आणि मग लोक त्या कार्डाचे दोन तुकडे घेऊन इथे येतात.

हा २०२२ चा डेक. या सुरुवातीच्या मालात काहींचा पंखा बारीक शिट्टीसारखा वाजायचा. पंखा सुटा. स्टिक सुटी. व्हॉल्व्ह कंपनीनं सुटे भाग विकायची व्यवस्थाही २०२२ मध्येच केली, आणि याबद्दल तिचं कौतुक केलंच पाहिजे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओएलईडी डेक आला. पडदा ७.४ इंच, बॅटरी ४० ऐवजी ५० वॉट-तास, चिप ६ नॅनोमीटरची, वजन ६६९ वरून ६४० ग्रॅम. हे सगळं बोर्डातलं आणि पडद्यातलं. कोणताही मेस्त्री जुन्यात ते घालू शकत नाही. आसूसचा रॉग ॲलायही तसाच, २०२३ मध्ये ४० वॉट-तास, २०२४ च्या ॲलाय एक्समध्ये थेट ८०. तासन् तास चार्जरपासून लांब राहणाऱ्यानं, हॉस्टेलला किंवा मुंबईच्या रेल्वेत खेळणाऱ्यानं, अशा बदलासाठी जरूर थांबावं.

यंत्र उघडलं की वॉरंटी जाऊ शकते, हे खरं. पण स्विच आणि डेकची आपल्याकडे अधिकृत विक्रीच नाही. कुणाचा दुबईहून आलेला, कुणाचा मुंबईच्या बाजारातून. कोल्हापुरात वॉरंटी म्हणजे ही गल्ली आणि हे टेबल. फुगलेल्या बॅटऱ्या मेस्त्री वाळूच्या डब्यात वेगळ्या ठेवतात.

(दृश्य: मुलाच्या हातात गिऱ्हाइकाचा स्विच टू. मेस्त्री त्याच्याकडे बघताहेत. इथे निवेदन नाही, दुकानातला आवाज तसाच राहू द्यावा.)

पाव तास तो खेळला. मेस्त्रींनी मग एकच प्रश्न विचारला, “पडदा तुला खटकतोय का लोकांना खटकतोय?”

“मला. वेगात पळताना चित्र पुसट होतंय.”

“मग थांब. पडदा माझ्या हातात न्हाई.”

नव्यासाठी थांबायचं ठरलं. पण कपाटातला जुना काही गुन्हेगार नव्हता. त्याला चार वर्षं शिक्षा झाली ती एका झिजलेल्या काळ्या पट्ट्यासाठी.

(दृश्य: पुन्हा हात. नवी स्टिक जागेवर बसते. खिट्टी खाली. झाकण पानासारखं मिटतं. चार स्क्रू, चार जागा.)

मुलगा खेळ सुरू करतो. मावसभावानं जिथे सोडला होता तिथेच तो उघडतो. डोंगराच्या कड्यावर उभा असलेला गडी. याआधी प्रत्येक वेळी तो इथूनच डावीकडे सरकत दरीत पडायचा.

मुलगा दोन्ही हात वर धरतो.

गडी उभा आहे.