बाळाच्या पोटातली गाठ

नागपूर, मेडिकल चौक. सकाळच नाही झाली नीट, तर चंद्रपूर, गडचिरोली, बालाघाटकडून रात्रभर प्रवास करून आलेले आईबाप ओपीडीकडे निघालेत, कडेवर पोरगं आणि हातात सोनोग्राफीची पिशवी.

बहुतेकांची गोष्ट आंघोळ घालतानाच सुरू होते. आईच्या हाताला बरगडीखाली उजवीकडे काहीतरी कडक लागतं. आजी म्हणते, "जंत झाले असतील वं, पोट फुगून राह्यलं पोराचं." मग जंताचं औषध, मग गॅसचं, यातच महिना जातो. आजीला दोष देऊ नका, लहान मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर आहेच इतका दुर्मिळ.

हेपॅटोब्लास्टोमा म्हणतात त्याला. बहुतेक मुलं ३ वर्षांच्या आतली असतात. वेळेआधी, फार कमी वजनाच्या जन्मलेल्या बाळांना धोका जास्त असतो, पण "गरोदरपणात काय खाल्लंस" असं त्या आईला कोणी विचारू नका, कृपा करून. तिच्या खाण्यापिण्याने हे झालेलं नाही.

रक्तात एएफपी तपासतात, म्हणजे अशा गाठीतून रक्तात उतरणारं एक प्रोटीन. बऱ्याचदा आकडा लाखांत येतो आणि घरचे हादरतात, पण पुढे हाच आकडा उतरताना बघून औषध लागू पडतंय हे कळतं. सीटी स्कॅनवर लिव्हरचे चार भाग धरून किती भाग मोकळे आहेत ते पाहतात. गाठ मोठी असली की आधी केमो, मुख्य औषध सिस्प्लॅटिन, गाठ आक्रसली की ऑपरेशन, आणि नंतर पुन्हा थोडी केमो. अर्ध्याहून जास्त लिव्हर काढलं तरी उरलेलं वाढतं, लहान मुलांमध्ये तर झपाट्याने. चारही भाग व्यापले असतील तर ट्रान्सप्लांट, आई किंवा बाप आपल्या लिव्हरचा डावीकडचा छोटा तुकडा देऊ शकतात, त्यासाठी मुंबईसारख्या ठिकाणी जावं लागू शकतं.

सिस्प्लॅटिनने ऐकू येणं कमी होऊ शकतं. २०१८ साली छापलेल्या अभ्यासात, गाठ लिव्हरबाहेर न पसरलेल्या मुलांना केमोनंतर ६ तासांनी सोडियम थायोसल्फेट दिलं, तर कानाचं नुकसान झालेल्या मुलांचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आलं. आपल्या मुलाला ते चालेल का, कानाची तपासणी कधी, हे डॉक्टरांना विचाराच.

मोठ्या मुलांमधला लिव्हर कॅन्सर वेगळा, केमोला तितका दाद देत नाही. त्यामागे कधी हिपॅटायटिस बी असतो, म्हणून जन्मल्यावर २४ तासांत त्याची लस.

सगळ्यात जास्त भीती वाटते ती मधल्या टप्प्याची. दोन-तीन केमो झाल्या, पोट मऊ लागतं, पोरगं खेळायला लागतं, तिकडे सोयाबीन काढणीला आलेलं असतं, आणि घरचे म्हणतात, बरं झालं नं, आता कशाला कापाकापी. हेपॅटोब्लास्टोमाची बरीचशी मुलं पूर्ण बरी होतात, पण गाठ पूर्ण निघाली तरच. गावी जायचंच असेल तर ऑपरेशनची तारीख फाइलवर लिहून घ्या, आणि खर्चाची काळजी असेल तर निघण्याआधी हॉस्पिटलमध्ये महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.