कात्राबाईची खिंड: रतनवाडी ते पाचनई, एक दिवस

(दृश्य: पहाट. तंबूंवर दव. सॅक भरणारे हात.)

डिसेंबरातली पहाट. अकोले तालुक्यातली रतनवाडी. भंडारदरा धरणाचं पाणी जिथं संपतं, तिथलं हे गाव. मागे रतनगड, जवळच अमृतेश्वराचं देऊळ. पण देवळापाशी आज थांबायला वेळ नाही. रतनगड ते हरिश्चंद्रगड हा सह्याद्रीतला नावाजलेला रेंज ट्रेक, म्हणजे डोंगररांगेतून दिवसामागून दिवस चालायची वाट, आणि आज त्यातला मधला टप्पा चालायचा आहे. कात्राबाईची खिंड चढायची, पलीकडे कुमशेतला उतरायचं आणि अंधार पडायच्या आत पाचनई गाठायची.

सॅक कशी भरतात ते बघा. तळाशी स्लीपिंग बॅग, कारण ती रात्रीशिवाय लागत नाही. त्यावर शिधा, स्टोव्ह, भांडी. जे जड आहे ते मध्यावर आणि पाठीला चिकटून. जड डबा बाहेरच्या बाजूला गेला की सॅक मागे ओढते आणि चढावर माणूस वाकून चालायला लागतो. वरच्या कप्प्यात टॉर्च, औषधं, चघळायला काहीतरी. सगळं मिळून अंगाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शात बसलं तर दिवस बरा जातो. त्यात पाणी माणशी तीन लिटर, म्हणजे तीन किलो तिथंच गेले.

आता हा पट्टा. नवखा माणूस आधी खांद्याचे पट्टे आवळतो. इथं कमरेचा पट्टा आधी, कमरेच्या हाडावर नीट बसवून, घट्ट. खांद्याचे नंतर, आणि तेही बेताचे. ओझं पायांवर गेलं पाहिजे. खांद्यांनी सॅक फक्त सरळ धरायची.

(दृश्य: मामा, कमरेला कोयता.)

हे मामा, कुमशेतचे. काल संध्याकाळीच इकडे आले आणि बहिणीकडे राहिले. बहीण रतनवाडीला दिलेली. पाठीला सॅक नाही, खांद्यावर एक कापडी पिशवी. कमरेच्या आकडीत कोयता. गटातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये वाटेची रेघ आहे. तरी पुढे मामाच.

पहिला तास रतनगडाच्याच वाटेनं. रुंद, मळलेली वाट. सुट्टीच्या दिवशी गडाच्या शिड्यांखाली रांगा लागतात, इतकी वर्दळ. मग एक फाटा येतो. गर्दी गडाकडे वळते, आपण खिंडीकडे, आणि पन्नास-शंभर पावलांत वाट बारीक होऊन जाते.

(दृश्य: कारवीतून चालणारी रांग, कॅमेरा मागून.)

कारवी. दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर. सात वर्षांनी एकदा फुलते, बी धरते, मरते. मग नवी रोपं उठतात ती वाट आणि रान असा भेद करत नाहीत. जूनपासून चार महिने इकडे कुणी फिरकत नाही. दिवाळीनंतर कुणी कोयता घेऊन आलं नाही, तर ही वाट शोधावी लागेल.

इथं जवळून बघा. हा घाव. गुडघ्याच्या खाली, तिरका, आत अजून पांढरा. दहा पावलांवर दुसरा, मग तिसरा. गेल्या महिन्यात मामा आणि त्यांचा पुतण्या इथून छाटत गेले. अभयारण्य आहे, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, 1986 साली जाहीर झालेलं. झाडाला हात लावत नाहीत, वाटेत आडवी आलेली कारवी तेवढी बाजूला करतात. याचे पैसे त्यांना कुणी दिलेले नाहीत. ट्रेकर वाटाड्याला दिवसाची मजुरी देतात, तीही घासाघीस करून. वाट मात्र फुकटची समजतात.

मुळात ही ट्रेकची वाट नव्हेच. प्रवरेच्या खोऱ्यातून मुळेच्या खोऱ्यात जायची ही पायवाट. सोयरिकी, देवदेव, आजारी माणसाला डोलीतून नेणं, उन्हाळ्यात गोळा केलेला बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी औषधी फळं, सगळं अशाच वाटांनी. या पट्ट्यात बहुतेक वस्ती महादेव कोळ्यांची, आणि हिरडा म्हणजे हातात येणारा रोख पैसा.

(दृश्य: माळावर फुटलेल्या चार-पाच वाटा. मामा न थांबता एकीवर.)

हे दृश्य आम्ही मुद्दाम लांब ठेवलंय. समोर चार वाटा फुटतात आणि मामा क्षणभरही थबकत नाहीत. ढोरवाट आडवी आडवी जाते, तिला फाटे फार, आणि चांगलं गवत आलं की तिथंच विरते. माणसाची वाट कुठंतरी पोचायला निघालेली असते: वळसे घेईल, पण खिंड सोडणार नाही. तिच्यातले दगड पायांनी घासून गुळगुळीत झालेले असतात, कडा बोथट. शंका आलीच तर दगडावर दगड रचलेली खूण शोधायची. मामांनी जाता जाता एकीवर अजून एक दगड ठेवला, तोही कॅमेऱ्यात आलाय. ऑइलपेंटनं बाण रंगवणाऱ्यांचा उत्साह समजतो, पण एखादं झाड आडवं पडतं, दरड येते, वाट दोन हात सरकते, आणि बाण आपला तिथंच, खोटं सांगत.

खिंडीचा चढ. विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 साली डोंगरातल्या वेळेचा एक हिशोब मांडला होता, तो आजही जगभर वापरतात: तासाला पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. पाठीवर सॅक आणि पायाखाली सह्याद्रीचा घसारा असेल तर हा हिशोब कागदावरच ठेवावा. इथं एकच नियम: बोलता येईल इतक्याच वेगानं चालायचं. धाप लागून थांबणारा पुढे जातो आणि पुन्हा थांबतो. हळू चालणारा त्याच वेळेला पोचतो आणि त्याचे पाय शाबूत असतात.

(दृश्य: खिंड. दोन्हीकडचं खोरं.)

खिंड. मामांनी कात्राबाईला हात जोडले. मागे पडलेलं पाणी प्रवरेला जातं, पुढे पडलेलं मुळेला, आणि पार खाली नेवासे तालुक्यात दोन्ही नद्या एक होतात. पायथ्याशी कुमशेत, उजव्या अंगाला आजोबा पर्वत, आणि समोर लांबवर हरिश्चंद्रगड, 1424 मीटर.

(दृश्य: थेट कुमशेतची घरं.)

उताराचं चित्रण नाही. दोन्ही हात दगडांना लागत होते.

कुमशेतच्या अंगणात बूट निघाले. टाचेवर लाली दिसतेय. फोड आलेला नाही, येणार आहे. फोड होतो तो कातडी बुटात पुन्हा पुन्हा सरकून, आणि ओल्या मोज्यात लवकर. ‘गरम वाटतंय’ असं वाटताक्षणी थांबून चिकटपट्टी लावली तर निभावतं. ‘पोचल्यावर बघू’ म्हणणारा दुसऱ्या दिवशी लंगडतो. पट्टीची टोकं गोल कापली आहेत, टोकदार कोपरा मोज्याबरोबर उचकटतो म्हणून.

जेवण मामांच्या घरी. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. गावात डांबरी रस्ता आला, गाड्या आल्या, दवाखाना जवळ झाला. तरणी पोरं कामाला बाहेर आहेत.

(दृश्य: मुळेचं पात्र, दगडांवरून पार होणारे पाय.)

दुपारनंतर मुळा. डिसेंबरात ती अशी दगडांवरून ओलांडता येते. पावसाळ्यात हीच जागा दिवसच्या दिवस बंद. वाहतं पाणी असलं तरी वर वस्ती आहे, गुरं आहेत, तेव्हा बाटलीत क्लोरीनचे थेंब आणि अर्धा तास थांबणं. कमरेचा पट्टा इथं मोकळा सोडलाय. पाय घसरला तर सॅक अंगावेगळी करता आली पाहिजे.

पुढे पेठेची वाडी, शेतांचे बांध, आणि उन्हं कलताना पाचनई. इथून हरिश्चंद्रगडाची सर्वांत सोपी वाट निघते, त्यामुळे हॉटेलांचे बोर्ड, पार्किंग, मुक्कामाचे तंबू. सगळं पुन्हा ओळखीचं.

(दृश्य: जीपपाशी मामा.)

मामांनी मजुरी मोजून खिशात ठेवली आणि जीपमध्ये बसले. कुमशेतला परत चालत का नाही, असं गटातल्या एकानं विचारलं. ते हसले. म्हणाले, “चालत कोन जातं आता? आमी तुमच्यासंगंच चालतो.” पुढच्या शनिवारी दुसरा गट आहे; त्याआधी खिंडीखालची कारवी आणखी एकदा छाटायची आहे.