सामान सगळ्यात शेवटी

नमस्कार. मघाशी चहा घेताना कळलं, इथल्या बऱ्याच जणांचं ऑफिस पेठांमध्ये आहे आणि जागेचा करार संपत आलाय. ऑफिस हलवायचं ठरलं की आपण पहिला फोन टेम्पोवाल्याला करतो. तो सगळ्यात शेवटी करायचा. टेबलं-कपाटं एका रात्रीत जातात. माणसांची रोजची वाट आणि कागदावरचा पत्ता हलायला मात्र महिने लागतात.

आमचं काम दुसऱ्यांचे हिशेब आणि पगारपत्रकं सांभाळण्याचं. माणसं २६, जागा नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नव्या जागा बघायला लागलो तेव्हा खराडीतली एक मनात भरली होती. टोकन द्यायच्या आदल्या दिवशी आमचे शिपाई काका म्हणाले, "साहेब, धायरीहून मला नाही जमायचं. दोन बस, आणि दुसरीचा भरवसा नाही." १९ वर्षांचा माणूस. कुठली फाइल कुठल्या कपाटात, हे त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. त्या संध्याकाळी मी सगळ्यांची घरं नकाशावर मांडली. अर्ध्याहून जास्त जण सिंहगड रोड, धायरी, कोथरूडकडचे निघाले. मालकाच्या घरापासून ऑफिस किती लांब, एवढंच मी तोवर पाहिलं होतं.

मग शोध मेट्रोच्या रेषेवर आणला. वनाज ते रामवाडी मार्ग मार्च २०२४ मध्ये पूर्ण झाला होता, आणि २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सुरू झाला. धायरीहून बसने स्वारगेट, तिथून मेट्रो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची आणि कल्याणीनगर, जिथे नवी जागा मिळत होती. काकांनी स्वतः दोनदा जाऊन पाहिलं, तेव्हाच मी करारावर सही केली. भाडं थोडं जास्त पडलं. ते मला आजही स्वस्त वाटतं.

आता इंटरनेट. आधीच्या एका स्थलांतरात आम्ही ऐन जुलैत हललो. इमारतीपर्यंत फायबर आलेलीच नव्हती, आणि पावसाळ्यात पुण्यात रस्ते खोदायला परवानगी मिळत नाही. सहा आठवडे डोंगलवर काढले. त्यामुळे जागा बघायला जाताना इंटरनेटवाल्याला बरोबर न्या. केबल इमारतीच्या डक्टपर्यंत, म्हणजे वायरी आत नेणाऱ्या पोकळीपर्यंत, आलीय का, ते त्याला डोळ्यांनी बघू द्या. विजेचा मंजूर भार किती, तेही तेव्हाच विचारा. वाढवून घ्यायला वेळ लागतो, आणि एसी लावल्यावर कळून उपयोग नसतो.

कागदपत्रांचं थोडं नीट ऐका, कारण इथेच लोक अडकतात. लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे जागा वापरायला घेण्याचा करार, महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने जागामालकाची आहे. तो हातात आल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. जीएसटीत पत्ता बदलल्यापासून १५ दिवसांत अर्ज करायचा असतो. आम्ही नवी जागा आधी 'अतिरिक्त ठिकाण' म्हणून जोडून घेतली, मुख्य पत्ता नंतर बदलला, त्यामुळे बिलं एक दिवसही थांबली नाहीत. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर शहराच्या हद्दीत नोंदणीकृत कार्यालय बदलायला संचालक मंडळाचा ठराव पुरतो, आणि ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे आयएनसी-२२ हा फॉर्म भरायचा. पण पुण्यातून पिंपरी-चिंचवडला किंवा हिंजवडीला जाणार असाल, तर शहराची हद्द ओलांडली. मग भागधारकांचा विशेष ठराव लागतो, आणि सभेची नोटीस साधारणपणे २१ दिवस आधी द्यावी लागते. आपल्याला हे सगळं एकच पुणे वाटतं, कायद्याला वाटत नाही. शॉप अ‍ॅक्टमधला, म्हणजे दुकानं-आस्थापनांच्या नोंदणीतला, बदलही लगोलग कळवून टाका.

तारीख कशी धरायची? आमच्याकडे दर महिन्याच्या मुदती ठरलेल्या: ७ ला टीडीएस, म्हणजे कापलेला आयकर, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं, १५ ला पीएफ, आणि महिनाअखेरीला पगार. उरले २१ ते २५. त्यातला शनिवार धरला. तुमच्या धंद्यातही असे चार-पाच मोकळे दिवस असतील, ते तुमच्या हिशेबनीसाला विचारा. पेठेतून निघणार असाल तर गणपतीचे दिवस आणि पालखी शहरात असते ते दिवस सोडा, टेम्पो गल्लीत शिरणारच नाही.

आणि हमालांचं. बाबा आढावांनी हमालांची संघटना उभी केली ती याच शहरात, त्यामुळे आपल्याला तरी हे सांगायला लागू नये. कागद फार जड असतो. मोठ्या खोक्यात फाइली ठासून भरल्या आणि लिफ्ट नसेल, तर तो भार कुणाच्या तरी पाठीवरून जिना उतरतो. खोकी लहान घ्या. त्याआधी छाटणी करा: कंपनीची हिशेबाची पुस्तकं ८ वर्षं ठेवावी लागतात, त्याहून जुनं बरंचसं तुकडे करून रद्दीत जाऊ शकतं. आमची जवळजवळ निम्मी खोकी अशीच कमी झाली.

जुन्या जागेचा करार आम्ही एक महिना जास्त ठेवला होता. दाराला नव्या पत्त्याचा कागद लावला, आणि काका रोज सकाळी तासभर तिथे बसायचे. कुरिअर यायची, जुने अशील यायचे, एकदा तर आयकराची नोटीस आली. महिना संपल्यावर काकांनी तो कागद काढला, घडी घालून खिशात ठेवला, आणि आम्ही दोघं मेट्रोने कल्याणीनगरला गेलो.