डोकं की मानेचं मूळ? गोल्फच्या स्विंगचा केंद्रबिंदू

[सायोटो कंट्री क्लब, कोलंबस, ओहायो]

१९५० च्या दशकाची सुरुवात. शाळकरी जॅक निकलस चेंडू मारतोय आणि समोर उभ्या सहायकानं त्याचे केस मुठीत धरलेत. डोकं हललं की केस ओढले जाणार! उपाय जरा जालीम, पण प्रशिक्षक जॅक ग्राउट यांचा. हाच पोरगा पुढं १८ मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात मानाच्या स्पर्धा जिंकला. मग ‘डोकं हलवू नकोस’ हा गोल्फचा पहिला धडा झाला, यात नवल नाही.

पण शरीर खरंच डोक्याभोवती फिरतं का?

[खेळाडू पाठीमागून, संथ गतीत]

मानेवरून बोट खाली न्या. पाठ सुरू होते तिथं हाडाचा एक उंचवटा लागतो. खांदे वळतात ते साधारण याच पातळीवर. १९६८ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात स्विंग, म्हणजे चेंडू मारताना क्लब फिरवण्याची क्रिया, दुहेरी लंबकाच्या रूपात मांडला होता: वर हात, खाली क्लब (गोल्फची काठी), मध्ये मनगटाची बिजागरी. आणि हा लंबक टांगलेला कुठं? छातीच्या वरच्या भागात, दोन खांद्यांच्या मधोमध. हेच स्विंगचं केंद्र.

[चेंडू, अगदी जवळून]

चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर. म्हणजे त्याचा मध्य जमिनीपासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर. केंद्र तेवढंच वर उचललं गेलं, तर क्लबची कड चेंडूच्या मध्यावर बसते आणि चेंडू गवतातून सरपटत जातो. उजव्या हाताच्या खेळाडूचं केंद्र उजवीकडं सरकून तिथंच राहिलं, तर क्लब आधी माती उकरतो. वरून चेंडूपर्यंत यायला क्लबला लागतो साधारण पाव सेकंद. तेवढ्यात काय सावरणार?

[निकलस, जुनी चित्रफीत]

आता नीट पाहा. क्लब मागं नेण्याआधी निकलस हनुवटी उजवीकडं वळवतो. डोकं वळलं, पण जागा सोडली नाही. त्यामुळं डावा खांदा हनुवटीखालून मोकळेपणी फिरतो. नवशिका मात्र मान आवळून धरतो. खांदे अडतात, आणि वळण्याऐवजी सगळं अंगच डोलू लागतं. जागा न सोडण्याची सक्ती कमरेला नाही; खाली येताना ती लक्ष्याकडं सरकलीच पाहिजे.

घरच्या घरी तपासायचं तर ऊन पाठीवर घ्या, हात छातीशी दुमडा, मानेच्या सावलीत चेंडू ठेवा आणि वळा. सावली चेंडूवरून सुटली, तर केंद्र सरकलं.

अमेरिकन गोल्फपटू कर्टिस स्ट्रेंज मात्र क्लब मागं नेताना उघड उघड सरकायचा, आणि तरी १९८८ आणि १९८९ अशी लागोपाठ दोनदा यूएस ओपन जिंकला. चेंडूवर येईपर्यंत तो पुन्हा परतलेला असायचा. एवढं टायमिंग ज्याच्याकडं असेल, त्यानं खुशाल सरकावं.