सगळं घर स्कीवर

[दृश्य: सोंगस्वान स्टेशन. मेट्रोतून स्की घेऊन उतरणारी माणसं.]

ओस्लोच्या मेट्रोचं हे शेवटचं स्टेशन, सोंगस्वान. इथून काही मिनिटांवर गोठलेलं तळं आणि त्यापलीकडे नूरमार्काचं जंगल. झाडावर लाल खूण दिसली की समजायचं, ही स्कीची वाट. निळी खूण उन्हाळ्यात चालणाऱ्यांसाठी. यंत्राने बर्फ दाबून त्यात दोन समांतर चऱ्या पाडलेल्या असतात. १८८३ साली स्थापन झालेली शीफोरेनिंगेन ही संस्था या वाटा राखते. तिकीट नाही, फाटक नाही.

नोकरीनिमित्त इथे आलेल्या मराठी घरांत स्की बहुधा आधी मुलं शिकतात, तीही पाळणाघरात. आईबाबांनी बर्फ पाहिलेला असतो तो फार तर मनालीला. मग एके दिवशी पोर विचारतं, "तुम्ही का नाही येत?"

यावं. मात्र पहिल्याच दिवशी दुकानात जाऊन सगळी खरेदी करू नये. बुआ नावाच्या केंद्रांमधून खेळाचं साहित्य फुकट, उसनं मिळतं. मुलांना कपडे घेतो तशी वाढत्या अंगाची स्की तर मुळीच घेऊ नये. का, ते जवळून पाहू.

[दृश्य: सपाट बर्फावर ठेवलेली स्की, अगदी जवळून.]

स्की धनुष्यासारखी किंचित वाकलेली असते. दोन्ही पायांवर उभं राहिलं तर मधला भाग बर्फावर नीट टेकत नाही. त्या मधल्या भागाखाली केसाळ पट्टी चिकटवलेली आहे. सगळा भार एका पायावर टाकला की ती पट्टी बर्फात रुतते, पकड मिळते आणि त्या पकडीवर रेटा देऊन दुसरी स्की पुढे घसरते. मुलाच्या वजनाच्या मानाने स्की मोठी आणि ताठ असली, तर पट्टी टेकतच नाही. पोर जागच्या जागी पाय घासत राहतं आणि आपल्याला वाटतं, याला जमत नाहीये.

सुरुवातीला काठ्या बाजूलाच ठेवाव्यात, मुलांच्या आणि मोठ्यांच्याही. हातात काठी असली की माणूस तिच्यावर रेलतो आणि पायांना तोल सापडत नाही. "बाबा, गुडघे वाकव ना!" असं मुलगी ओरडते, तेव्हा तिचंच ऐकावं. आणि पडायचं असेल तर कुशीवर पडावं.

[दृश्य: पुल्क ओढणारी आई. आत गुंडाळलेलं बाळ.]

अगदी लहान बाळ असेल तर पुल्क, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला जोडून ओढायची छोटी घसरगाडी. इथे फार जपावं लागतं. ओढणाऱ्या आईला घाम फुटलेला असतो, पण आत बसलेलं बाळ हलत नसतं, त्यामुळे ते गारठतं. दर थोड्या वेळाने थांबून त्याच्या मानेला हात लावून पाहावा. अंगालगत लोकर हवी, सुती बनियन नको. घामाने भिजलेलं सूत अंगाला चिकटून थंडी वाढवतं.

बाळाला घेऊन स्कीवर निघण्याची इथली परंपरा जुनी आहे. १२०६ च्या हिवाळ्यात, यादवीच्या धामधुमीत, बिर्केबाइनर गटाच्या दोघा स्कीपटूंनी तान्ह्या होकूनला डोंगरापार सुखरूप नेलं. पुढे तो नॉर्वेचा राजा झाला. त्याची आठवण म्हणून १९३२ पासून रेना आणि लिलेहामर या गावांदरम्यान स्कीची शर्यत होते. ५४ किलोमीटर, पाठीवर किमान साडेतीन किलोची पिशवी. ते वजन त्या बाळाचं.

आपल्याला इतकं लांब जायचं नाही. जंगलात उल्लेवोलसेतेर नावाचं विश्रांतीघर आहे, तिथे वाफल मिळतात आणि मुलांना ते ठाऊक असतं. पण वाट चढाची आहे. पहिल्या खेपेला तिथे पोहोचायचा हट्ट धरू नये. तळ्याकाठीच थर्मास उघडावा, संत्री सोलावीत, आणि मुलं "अजून एकदा" म्हणत असतानाच परत फिरावं. दमलेल्या, रडणाऱ्या मुलाला "चल, थोडंच राहिलंय" म्हणत ओढत नेलं, तर पुढच्या वेळी ते स्कीचे बूट घालायलाच तयार होत नाही. माझ्या मते या साऱ्या प्रकरणात आईबाबांनी सांभाळायचं ते एवढंच.

[दृश्य: संध्याकाळ. दिव्यांची वाट.]

ताजा बर्फ कधी पडेल ते सांगता येत नाही, आणि सखल भागातला बर्फ पावसाच्या एका सरीत जातो. म्हणून रविवारची वाट पाहू नये. सोंगस्वानजवळच्या काही वाटांवर विजेचे दिवे आहेत. बुधवारी बर्फ पडला, तर शाळा-ऑफिस आटोपून बुधवारीच निघावं.