पडलात कसे, ते आधी सांगा

मागे आवाज येतोय ना? बरं. ज्येष्ठ नागरिक संघाच्या काकांनी मला विषय दिला होता 'वार्धक्यातील अपघात', मी म्हटलं काका एवढा मोठा नको. म्हातारं माणूस घरातल्या घरात पडलं, लागलं थोडंसंच, कुणीतरी घाबरून ॲम्ब्युलन्स बोलावली, तर गाडीतून उतरलेला माणूस मनात काय हिशोब करत असतो, न्यायचं की मलमपट्टी करून घरीच ठेवायचं, तेवढंच सांगते.

मी बीएएमएस झाल्या झाल्या सात वर्षं गाडीवर होते, सातारा भागात. आपल्याकडे १०८ सुरू झाली २०१४ ला, ९३७ गाड्या आणि गाडीत डॉक्टर. इंग्लंडमध्ये गाडीवर पॅरामेडिक असतो, म्हणजे डॉक्टर नव्हे, तातडीच्या उपचारांचं शिक्षण घेतलेला माणूस, आणि तो तपासून, ड्रेसिंग करून, फॅमिली डॉक्टरला कळवून पेशंटला घरीच ठेवू शकतो, तिकडे तशी पद्धतच आहे. गाडीवर कोणी का असेना, बघायच्या गोष्टी त्याच.

एक आजोबा होते, ७८ वर्षांचे. न्हाणीत पडले. कपाळावर अर्ध्या इंचाची खोक, त्यात सुनेनं हळद गच्च दाबून भरलेली, रक्त थांबलेलं. आजोबा खुर्चीत बसून बशीतनं चहा पितायत आणि मलाच विचारतायत, पोरी जेवलीस का. मुलगा म्हणतो मॅडम दोन टाके घाला की झालं. मी विचारलं, आजोबा पडलात कसे? 'पाय घसरला.' कुठला पाय? 'घसरला गं, आता कुठला ते काय बघतोय.' आता बघा, खरंच घसरलेला माणूस न विचारता सगळी कथा सांगतो, साबण होता, बादलीला धरायला गेलो, बादलीच उलटली, वगैरे. आजोबांना आठवत होतं लघवीला उठलो, आणि मग एकदम सुनेची हाक. मधलं काहीच नाही. मी जाऊन न्हाणी बघितली तर फरशी ठणठणीत कोरडी. मग त्यांचे तळहात बघितले. शुद्धीत पडणारा माणूस बहुतेक वेळा हात पुढे टाकतो, तळवे खरचटतात, मनगट मोडतं. यांचे तळवे स्वच्छ, सगळा मार कपाळावर. म्हणजे जमिनीवर येण्याआधीच शुद्ध गेली असणार. नाडी धरली, ३८! ईसीजीत हार्ट ब्लॉक निघाला, म्हणजे हृदयातला विजेचा संदेश मधेच अडत होता, नंतर पेसमेकर बसला. टाके तर मी घातलेच नाहीत, नुसती पट्टी बांधली आणि गाडीत घेतलं.

दुसरी गोष्ट, गोळ्यांची पिशवी. ती सगळ्यांकडे असते, मिठाईच्या डब्यात नाहीतर फ्रिजवर. मी तीच आधी मागायचे, कारण त्यात रक्त पातळ करणारी गोळी असली आणि डोक्याला मार असला तर माझा निर्णय तिथंच झाला, टेंगूळ केवढं का असेना. वयानं मेंदू जरा आक्रसतो, त्याच्यावरच्या बारीक शिरा ताणल्या जातात, छोट्या धक्क्यानंही तुटतात आणि हळूहळू रक्त झिरपत राहतं. कॅनडातल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये डोक्याच्या स्कॅनसाठी नियम बसवला, त्यात मार लागल्यावर क्षणभर शुद्ध गेली किंवा मधलं आठवत नाही, आणि वय ६५ किंवा जास्त, एवढ्यावर स्कॅन करा असं आहे.

यात मी स्वतः चुकलेय. ७२ वर्षांच्या मावशी, फडताळाचं दार डोक्याला लागलं, एकदम हुशार, बोलतायत, इकोस्प्रिन चालू, म्हणजे रक्त पातळ करणारीच गोळी. घरचे म्हणाले नको, मीही फार ताणून धरलं नाही, नकाराची सही घेतली आणि निघाले. अठरा दिवसांनी त्याच घरून फोन. मावशी चहात मीठ घालत होत्या आणि चालताना डाव्या पायातली चप्पल मागेच राहायची, घरच्यांना वाटलं चप्पल सैल झालीये म्हणून नवीन आणली!! डोक्यात रक्त साठलेलं. कवटीला भोकं पाडून काढलं, बऱ्या झाल्या, पण माझ्या मनातून ती चप्पल जात नाही.

आकडे पण फसवतात. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी नाडी वाढतच नाही, आत रक्तस्राव होत असला तरी ७० च दाखवते. आणि ज्यांचं प्रेशर कायम १६० असतं त्यांचं आज ११० आलं तर घरचे खूश होतात, आम्ही घाबरतो. खुब्याचंही तसंच, हाड मोडून एकमेकांत रुतून बसलं तर माणूस लंगडत का होईना चालतो, म्हणून आडवं झोपवून पाय सरळ वर उचलायला सांगायचं, मांडीच्या सांध्यात कळ आली की एक्सरे.

पण सगळ्यांनाच उचलून नेणं हाही शहाणपणा नाही हं. ८४ वर्षांच्या एका आजी, कडीला घासून हाताची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सोललेली. रक्त बरंच, म्हणून घरात रडारड. आजींना सगळं लख्ख आठवतंय, डोक्याला मार नाही, रक्त पातळ करणारी गोळी नाही, स्वतः उठून ओट्यापर्यंत जाऊन आल्या. सलाइननं धुतलं, पापुद्रा ओल्या गॉजनं हळूच जागेवर सरकवला, न चिकटणारं ड्रेसिंग केलं (चिकटपट्टी लावू नका हो, काढताना उरलेली कातडी पण येते) आणि घरीच ठेवलं, सकाळी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला सांगून. यांना रात्री दोनला कॅज्युअल्टीच्या बाकावर बसवलं असतं तर पहाटेपर्यंत बरळायला लागल्या असत्या, अनोळखी जागेत असं होतं म्हाताऱ्या माणसांचं. आणि आठ दिवस खाटेवर पडून राहिलं की पायातलं बळ जातं ते वेगळंच.

अर्थात घरात सून होती, शेजारी होते. ह्याच आजी डोंगरावरच्या वाडीत एकट्या असत्या, मुलगा मुंबईला, तर मी बहुतेक घेऊन आले असते.

हं, मागच्या काकूंचा हात वर आहे. डायबेटीसची गोळी घेतली आणि जेवण राहिलं म्हणून पडले तर? काकू, पडलेल्या प्रत्येकाची साखर आम्ही बोटाला टोचून तिथंच बघतो. कमी असली आणि माणूस गिळू शकत असला तर साखरेचं पाणी देतो, पाच-दहा मिनिटांत तरतरी येते आणि मग घरचे म्हणतात आता कशाला न्यायचं. पण काही गोळ्यांचा असर दिवसभर राहतो, साखर परत खाली येते, त्यामुळे तुम्ही उठून बसलात तरी आम्ही चला म्हणणार. कुठली गोळी घेता तुम्ही? नाव आठवत नाही? पिशवी आणलीये का बरोबर?