शब्द एकटा उचलू नका

नमस्कार श्रोतेहो! इंग्रजीतले वरच्या पातळीचे शब्द कसे वाढवायचे, हा आजचा विषय. यादी बऱ्याच जणांकडे असते, इकडे शब्द, तिकडे अर्थ, आणि आठवड्याभरात सगळं साफ पुसलेलं. म्हणून आधीच सांगते, शब्द एकटा उचलू नका, त्याचं वाक्य सोबत घ्या.

हे मला खरं पटलं ते विल्यम मायनरमुळे. अमेरिकन सैन्यातला सर्जन, मनाचा आजार जडलेला, 1872 साली लंडनमध्ये भ्रमाच्या भरात त्यानं पहाटे कामावर निघालेल्या एका निरपराध माणसाला गोळी घातली आणि त्याची रवानगी झाली ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयात. इकडे ऑक्सफर्ड डिक्शनरीचं काम सुरू होतं, 1879 पासून संपादक जेम्स मरे, त्यांनी लोकांना आवाहन केलं की पुस्तकं वाचा आणि शब्द ज्या वाक्यात सापडला ते चिठ्ठीवर उतरवून पाठवा. मायनरच्या खोलीत जुनी पुस्तकंच पुस्तकं! मग यानं काय करावं, तर एकेका पुस्तकातल्या शब्दांची सूची केली, शब्द आणि पान नंबर, अगदी बारीक अक्षरात, आणि मरेंच्या ऑफिसला विचारायचा, सध्या कुठल्या शब्दावर काम चाललंय? उत्तर आलं की सूची बघायची, पान काढायचं, वाक्य लिहून पाठवायचं. वीसेक वर्षं हेच. मरे त्याला भेटायला तिथं जायचे. डिक्शनरी पुरी झाली 1928 ला, तेव्हा दोघंही हयात नव्हते. त्यात शब्द चार लाखांच्या वर आणि उदाहरणांची वाक्यं अठरा लाखांच्या वर, म्हणजे शब्दांच्या चौपटीहून जास्त वाक्यं!

तर परत सांगते, वाक्य सोबत घ्या. जोरदार पावसाला इंग्रजीत हेवी रेन म्हणतात, स्ट्राँग रेन नाही, पण वारा मात्र स्ट्राँग असतो, हे नुसत्या अर्थाच्या यादीत कुठून कळणार? आणि डिक्शनरी शक्यतो कागदाची वापरा, तिथं शेजारचे चार शब्द आपसूक डोळ्यांखालून जातात, मुलांच्या हातात तर पहिली डिक्शनरी कागदाचीच द्यावी असं माझं ठाम मत आहे.

वाक्य वहीत उतरवलं की दोन-तीन दिवसांनी शब्द झाकून बघा, आठवतो का, मग आठवड्यानं पुन्हा. आणि वाक्याखाली पुस्तकाचं नाव, पान नंबर टाकायला विसरू नका, अर्थ निसटला तर आख्खा परिच्छेद परत वाचता येतो.